कंटेनर मापाने भाड्याने मिळतो, उचलला जातो वजनाने

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घरात तोडकाम काढलं की राडारोडा टाकायला कंटेनर भाड्याने घ्यावा लागतो. तो घेताना समोरचा माणूस माप विचारतो, दिवस विचारतो, पत्ता विचारतो. किती टन भरणार, हे तो विचारत नाही. किती टन भरायची परवानगी आहे, हे सांगतही नाही. या एका न सांगितलेल्या आकड्यापायी गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या दारात जे झालं, ते आपल्या वाचकांपर्यंत जावं म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी २२ वर्षं वजनकाट्यावर पावत्या करते. भरलेली गाडी काट्यावर चढते, तिचं वजन होतं. खाली होऊन ती परत येते, पुन्हा वजन होतं. वजाबाकी करून निव्वळ वजनाची पावती मी ड्रायव्हरच्या हातात देते. वाळू, खडी, भंगार, राडारोडा असं सगळं या काट्यावरून गेलेलं आहे. त्यामुळे पुढे जे आकडे देते आहे, ते माझ्या रोजच्या कामातले आहेत.

बहिणीने घर दुरुस्तीला काढलं. दोन आतल्या भिंती पाडायच्या, तीन खोल्यांच्या जुन्या फरशा काढायच्या, न्हाणीघर पूर्ण उकरून नव्याने करायचं, एवढं काम. कंटेनर देणाऱ्याने तिला फोनवर सांगितलं, "मोठाच घ्या, कमी पडायला नको." तिने १५ घनमीटरचा घेतला. तिला आलेला संदेश मी नंतर वाचला. त्यात कंटेनरचं माप होतं, आणायची तारीख होती, न्यायची तारीख होती, पत्ता होता. वजनाचा एक शब्द नव्हता.

काम संपलं तेव्हा कंटेनर अर्ध्याच्या थोडा वर भरला होता. उरलेली जागा बघून तिला साहजिकच वाटलं की भाडं पूर्ण दिलंय तर ती रिकामी का सोडायची? परसात पायरीचं काम करताना निघालेली मातीही तिने त्यातच टाकायला सांगितली. आदल्या रात्रीच्या पावसाने ती माती भिजलेली होती. तरीही कंटेनर काठोकाठ भरला नाही, वरचा तिसरा हिस्सा मोकळाच राहिला. बघणाऱ्याला तो जास्त भरलाय असं कुठल्याच बाजूने वाटलं नसतं.

संध्याकाळी गाडी आली. हुक लोडर होता, म्हणजे गाडीचा लोखंडी हात कंटेनरच्या कड्यात अडकतो आणि कंटेनर ओढत ओढत पाठीवर घेतो. हात अडकला, यंत्र कण्हलं, कंटेनरचं पुढचं टोक वीतभर उचललं गेलं आणि त्याच क्षणी गाडीची पुढची चाकं जमीन सोडून वर आली. ड्रायव्हरने हळूहळू हात खाली घेतला. पुन्हा एकदा, अगदी सावकाश, करून बघितलं. पुन्हा चाकं वर. मग तो खाली उतरून म्हणाला, "ताई, ही गाडी १० टनांची आहे. याच्यात १४-१५ तरी असतील. खाली केल्याशिवाय नेता येणार नाही."

त्या ड्रायव्हरने नकार दिला, याबद्दल मला त्याचे आभार मानावेसे वाटतात. असा कंटेनर जोर लावून पाठीवर घेतला, तर गाडीच्या पुढच्या चाकांवर पुरेसा भार राहत नाही, स्टिअरिंग हलकं होतं, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला किती अंतर घेईल, याचा भरवसा नसतो. माझ्या काट्यावर अशा गाड्या आलेल्या आहेत. त्यांच्या मागच्या टायरांकडे बघूनच कळतं.

मग काय करायचं? ठेकेदाराचे दोन मजूर तेवढे थांबलेले होते. कंटेनरचं मागचं दार उघडलं, एकजण आत चढला. गुडघ्यापर्यंत विटांत उभं राहून तो फावड्याने घमेलं भरायचा, दुसरा ते खाली घेऊन भिंतीकडेला ओतायचा. अंधार पडला तेव्हा बहिणीने मोबाइलचा उजेड धरला. ओली माती वर होती, ती घमेल्याला चिकटून बसायची. दरवेळी घमेलं आपटून रिकामं करावं लागत होतं. आतल्या मजुराच्या पायात साधी चप्पल होती. जुन्या चौकटीचा खिळा चपलेतून आरपार गेला आणि तळव्यात घुसला. बहीण त्याला दवाखान्यात घेऊन गेली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. उरलेलं काम दुसऱ्याने एकट्याने पूर्ण केलं. रात्री साडेदहा वाजता गाडी गेली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पोहोचले. भिंतीकडेला ढीग होता. मी बहिणीशी काही बोलायच्या आधी टेप घेऊन बसले आणि हिशेब केला. तो हिशेब इथे देते, कारण कंटेनर ठरवण्याआधी तो प्रत्येक घरात दहा मिनिटांत करता येतो.

पाडलेली एक भिंत १० फूट लांब, ९ फूट उंच आणि साडेचार इंच जाड. गुणाकार केला की जवळजवळ ३४ घनफूट होतात, म्हणजे १ घनमीटरला थोडं कमी. विटांच्या बांधकामाचं वजन घनमीटरला सुमारे १,९०० किलो धरतात. म्हणजे नुसती वीट १,८०० किलो. दोन्ही बाजूंचं अर्धा-अर्धा इंच प्लास्टर धरलं तर आणखी ४०० किलो. एवढीशी भिंत, जिच्यावर कॅलेंडर टांगलेलं असतं, ती सव्वादोन टनांच्या जवळ जाते. अशा दोन भिंती होत्या: साडेचार टन.

फरशीचं तसंच. १२ बाय १० ची खोली, फरशी आणि तिच्याखालचा चुना-सिमेंटचा थर मिळून अडीच इंच. ते २५ घनफूट झाले, पाऊण घनमीटरच्या आत. वजन सुमारे १,४०० किलो. तीन खोल्यांचे चार टनांवर. न्हाणीघराच्या खाली विटांच्या तुकड्यांची फूटभर भर होती, ती आणि भिंतीच्या टाइल्स मिळून दीड टनावर. इथपर्यंत १० टन झाले होते. म्हणजे माती टाकण्याआधीच गाडीची मर्यादा भरली होती, आणि कंटेनर मात्र अर्ध्याच्या थोडाच वर भरलेला दिसत होता. ओल्या मातीचं वजन घनमीटरला १,७०० किलोच्या आसपास असतं. अडीच-पावणेतीन घनमीटर माती म्हणजे चार-साडेचार टन. ड्रायव्हरने नुसत्या नजरेने सांगितलेला आकडा बरोबर होता.

इथे आणखी एक गोष्ट फसवते. उभी भिंत पाडली की तिचे तुकडे आडवेतिडवे पडतात आणि मध्ये पोकळी राहते. त्यामुळे राडारोडा मूळ भिंतीच्या साधारण दीडपट जागा खातो. म्हणून लोक मोठा कंटेनर मागतात आणि देणाराही तोच देतो. पण फुगून दीडपट झालेला राडारोडासुद्धा घनमीटरला १,२०० ते १,४०० किलो भरतो. १५ घनमीटरचा डबा त्याने काठोकाठ भरला तर २० टन होतील. तेवढं वजन १० टनांची गाडी उचलणारच नाही, हे तो डबा देणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तो मोठा डबा मुळात सोफे, गाद्या, लाकडी कपाटं, फांद्या, खोकी अशा जागा खाणाऱ्या आणि हलक्या सामानासाठी असतो. विटा, माती, काँक्रीट यांच्यासाठी बुटका आणि लहान डबा हवा. ब्रिटनमध्ये अशा भाड्याच्या डब्यांना स्किप म्हणतात. तिथे साधारणपणे ८ घनयार्डांपर्यंतच्या, म्हणजे ६ घनमीटरच्या स्किपमध्येच माती-विटा भरू देतात, त्याहून मोठे फक्त हलक्या सामानाला. अमेरिकेतही १० यार्डांचा डबा मुद्दाम बुटक्या कडांचा बनवतात, म्हणजे त्यात जास्त भरायला जागाच राहत नाही.

अमेरिकेत या डब्याला डंपस्टर म्हणतात. टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलच्या डेम्पस्टर बंधूंनी १९३०च्या दशकात ही पद्धत आणली आणि आपल्या आडनावाला 'डंप' जोडून तिचं नाव ठेवलं. त्यांची कल्पना साधी होती: माल भरेपर्यंत गाडी आणि ड्रायव्हर अडकवून ठेवायचे नाहीत, डबा तिथेच सोडायचा आणि भरल्यावर यंत्राने उचलून न्यायचा. म्हणजे या सगळ्या धंद्याचा पाया उचलणं हाच आहे. तरी भाड्याच्या बोलण्यात उचलायच्या वजनाचा उल्लेख नसावा, हे मला अजिबात पटत नाही.

परत त्या ढिगाकडे येते. भरलेलं घमेलं २० किलोच्या आसपास भरतं. त्या रात्री खाली काढलेला माल पाच टनांच्या जवळ होता. म्हणजे अडीचशेच्या घरात घमेली. त्याआधी तीच वीट त्या दोघांनी घरातून कंटेनरमध्ये टाकली होती. आता कंटेनरमधून जमिनीवर. आणि दुसऱ्या दिवशी जमिनीवरून दुसऱ्या डब्यात. एकच वीट तीनदा उचलली गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेने माणसाने हाताने उचलायच्या वजनाचं एक सूत्र दिलेलं आहे. त्यात सगळी परिस्थिती सोयीची असली, वस्तू अंगाजवळ असली, कमरेच्या उंचीवर असली, तरी वरची मर्यादा २३ किलो धरली आहे. वाकून, वळून, वारंवार उचलायचं असेल तर ती आणखी खाली येते. अंधारात, विटांच्या ढिगात पाय रोवून, अडीचशे वेळा २० किलो उचलणाऱ्या माणसाच्या कमरेचं काय होत असेल?

जादा फेरीचे पैसे बहिणीने भरले. तिला ते लागले, पण तिने ते भरले आणि विषय संपला. कमरेचं आणि तळव्याचं तसं नसतं. दुसऱ्या दिवशी तो जखमी मजूर आला नव्हता. त्याचा त्या दिवसाचा रोज बहिणीने त्याच्या सोबत्याकडे दिला, तो घेताना सोबती म्हणाला, "आम्हाला काय माहीत ताई, डबा रिकामा दिसला की भरायचा." त्याचं बरोबरच आहे. डब्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

धुळीबद्दलही इथेच लिहिते. वीट, मोर्टार, काँक्रीट, टाइल्स तोडताना आणि ओतताना जी बारीक धूळ उडते, तिच्यात स्फटिकी सिलिका असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे जाणाऱ्या या सिलिकेला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. सिलिकोसिस तर त्याआधीपासून माहीत आहे, आणि तो बरा होत नाही. तोडताना पाण्याचा बारीक फवारा मारला तर धूळ बरीच बसते. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही, तिच्यासाठी बारीक कणांचा मास्कच लागतो. आणि फवारा म्हणजे फवारा. पाइप सोडून राडारोडा भिजवला की पुन्हा वजन वाढतं.

पाण्याचं वजन लोक धरतच नाहीत. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, म्हणजे एक किलो. १५ घनमीटरच्या कंटेनरचा तळ १३-१४ चौरस मीटर असतो. एका रात्रीत ५० मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी बाहेर जायला वाट नसली, तर जवळजवळ ७०० किलो नुसतं पाणी. माती, जिप्समचे तुकडे, जुनी गादी, गालिचा हे ते पाणी पिऊन घेतात, ते सहज निथळतही नाही. ताडपत्री टाकून दोरीने बांधायला पाच मिनिटं लागतात. ताडपत्रीचा दुसरा उपयोग म्हणजे रात्री कुणी येऊन त्यात आपलं काही टाकत नाही. बहिणीच्या कंटेनरमध्ये, तो आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, एक फाटकी गादी आणि चार जुन्या ट्यूबलाइट सापडल्या होत्या. कुणाच्या, कुणास ठाऊक.

त्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. त्या विटांवर फुटल्या की पारा त्या राडारोड्यात जातो आणि मग तो माल शुद्ध राहत नाही. ही गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण वजनाइतकीच हीही कुणी सांगत नाही. नुसत्या विटा, काँक्रीट, मोर्टार, टाइल्स असतील तर तो कचरा नसतोच. तो माल असतो. यंत्रात भरडून, चाळून त्याची खडी आणि भुकटी होते, ती रस्त्याच्या पायाला, भरावाला, फरसबंदीच्या ठोकळ्यांना वापरता येते. पण त्यात पीओपीच्या किंवा जिप्सम बोर्डाच्या छताचे तुकडे मिसळले की घोटाळा होतो. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्या खडीचं नवं काँक्रीट केलं तर हे सल्फेट सिमेंटशी हळूहळू क्रिया करतं, काँक्रीट आतून फुगतं आणि तडकतं. म्हणून भरडणारे असा माल घेत नाहीत. आणि तोच जिप्सम ओल्या, हवाबंद, कुजणाऱ्या कचऱ्याच्या ढिगात पुरला, तर तिथले जिवाणू त्याच्यापासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू विषारी आहे. रंग लागलेला असला की प्लास्टर आणि पीओपी दोन्हींचे तुकडे सारखेच दिसतात. पण सिमेंटचं प्लास्टर विटांबरोबर चालतं, पीओपी वेगळं ठेवावं लागतं. तोडणाऱ्या माणसाला हे आधी सांगितलं तर पीओपी गोण्यांत भरून बाजूला ठेवायला काहीच कष्ट पडत नाहीत. एकदा कंटेनरमध्ये गेलं की निवडता येत नाही.

काही गोष्टी तर कंटेनरमध्ये जाऊच नयेत. जुने ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आणि पाइप हे त्यात पहिले. जागतिक आरोग्य संघटना ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगाला कारण मानते. पत्रा अखंड असेपर्यंत धोका कमी असतो, फोडला की तंतू हवेत जातात. तो फोडायचा नाही, ओला करून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, अशा कामाची माहिती असलेल्यांच्याच हाती द्यायचा. रंगाचे अर्धे डबे, थिनर, गॅसचे लहान सिलिंडर, जुने फ्रिज, बॅटऱ्या यांचंही तेच. मोबाइल-लॅपटॉपच्या लिथियम बॅटऱ्या दबल्या, चेपल्या तर पेट घेऊ शकतात, आणि लाकडाच्या भुशावर पडलेली अशी बॅटरी गाडी रस्त्यात असताना पेटली तर काय होईल, हे सांगायला नको.

कंटेनर ठेवायची जागा हा विषय मी थोडक्यात सांगते. त्याच्या लोखंडी रुळांखाली जाड फळ्या टाकाव्यात, नाहीतर फरसबंदी फुटते. शौचकुपाच्या किंवा गटाराच्या झाकणावर तो कधीही ठेवू नये. वर विजेची तार नाही ना, हे बघावं, कारण हुकचा हात बराच वर जातो. रस्त्यावर ठेवावा लागला तर आधी परवानगी काढावी आणि रात्री दुरून दिसतील असे परावर्तक लावावेत. जड माल तळाला आणि सगळीकडे सारखा पसरून भरावा, एका टोकाला ढीग नको. कडेच्या वर काही येऊ देऊ नये. आणि गाडी उचलायला येण्याआधी आत कुणी नाही ना, लहान मूल, मांजर, झोपलेला माणूस, हे स्वतः चढून बघावं. यात एकदाही चूक होऊन चालत नाही.

आता माझं मुख्य म्हणणं. कंटेनर भाड्याने देणाऱ्याने तीन गोष्टी लेखी द्याव्यात. किती टनांपर्यंत भरायचं. माल कुठे नेऊन टाकणार. आणि खाली झाल्यावर काट्याची पावती, भरलेल्या वजनाची, रिकाम्या वजनाची आणि निव्वळ वजनाची. ही तिसरी गोष्ट मला फार जवळची आहे. घरमालकाला बहुतेक वेळा कुणी पावती दाखवत नाही, "जास्त झालं" एवढं फोनवर सांगतात आणि पैसे मागतात. रिकामं वजनही दरवेळी नव्याने करायला हवं, मागच्या महिन्याचं चालणार नाही. पावसाळ्यात कंटेनरच्या तळाला चिखल थापून बसतो. मी एकदा एकाच कंटेनरचं रिकामं वजन दोन आठवड्यांच्या अंतराने केलं, तेव्हा ६०० किलोंचा फरक आला. ड्रायव्हरने आत उतरून पहारीने खरवडलं तेव्हा तळाशी वाळलेला जाड थर निघाला. जुनंच रिकामं वजन धरलं असतं, तर तो ६०० किलोंचा चिखल पुढच्या घरमालकाच्या नावावर चढला असता.

माल कुठे जाणार हे विचारलं, तर पुष्कळदा उत्तर येतं, "ते आमच्यावर सोडा." तसं सोडू नये. भरडण्याच्या केंद्रावर किंवा अधिकृत भरावावर गेलेल्या गाडीची तिथली नोंद असते, ती मागता येते. नोंद नसेल, तर तो माल ओढ्याच्या काठी किंवा एखाद्या मोकळ्या जागेत ओतला गेला, असंच मी तरी समजते. आपल्या न्हाणीघराच्या टाइल्स कुणाच्या तरी ओढ्यात पडू नयेत, एवढी काळजी ज्याच्या घरातून त्या निघाल्या, त्याने घ्यायलाच हवी.

आणि ज्याला फारसा खर्च नाही अशी एक गोष्ट. प्रत्येक कंटेनरच्या आतल्या बाजूला लाल रंगाची जाड रेघ मारावी आणि शेजारी मोठ्या अक्षरांत लिहावं: "माती-विटा इथपर्यंतच." १० टनांची गाडी आणि १५ घनमीटरचा डबा असेल, तर ही रेघ मध्याच्या खालीच येईल, कारण ओली माती राडारोड्याहून जड असते. वाचता न येणाऱ्यालाही लाल रेघ कळते. बहिणीच्या कंटेनरमध्ये ती असती, तर तो मजूर रेघेशी थांबला असता आणि माती परसातच राहिली असती. रंगाचा एक डबा आणि एक ब्रश यापलीकडे याला काय लागतं? कंटेनर भाड्याने देणाऱ्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी हे या आठवड्यातच करावं. आपल्या घरबांधणीच्या पुरवणीत वर दिलेले भिंतीचे आणि फरशीचे आकडे चौकटीत छापले, तर घरमालकही फोन करण्याआधी टेप हातात घेतील.

भिंतीकडेचा ढीग नेण्यासाठी मी साडेचार घनमीटरचा लहान डबा मागवला. तो डंपर प्लेसरवर, म्हणजे दोन हातांनी आणि साखळ्यांनी डबा उचलणाऱ्या गाडीवर येतो आणि ती गाडी ५ टनांची होती, हे मी आधी विचारून घेतलं. भरताना मी स्वतः उभी राहिले. दोन्ही मजुरांसाठी बूट आणि हातमोजे आणून ठेवले होते, जखमी मजुराच्या जागी त्याचा भाऊ आला होता. गादी आणि ट्यूबलाइट वेगळ्या ठेवल्या. गाडी माझ्याच काट्यावरून पाठवली आणि पावती मीच केली. भरलेलं वजन १२,९८० किलो, रिकामं ८,१२० किलो, निव्वळ ४,८६० किलो. ती पावती या पत्रासोबत जोडली आहे. छापायची असल्यास गाडीचा नंबर झाकून छापावी, ही विनंती.

आपली,
वजनकाट्यावर काम करणारी एक वाचक